रॉडचे बेअरिंग झिजले असेल तर फक्त शेल बदलून भागेल का?

प्रश्न

नमस्कार. मी घेतलेली जुनी पेट्रोल गाडी सुमारे १,४०,००० किलोमीटर चाललेली आहे. इंजिन थंड असताना आवाज नसतो. तापल्यावर मात्र २,००० आरपीएमच्या आसपास अ‍ॅक्सिलरेटर सोडताच खालच्या बाजूने जड ठकठक ऐकू येते आणि आयडलिंगला ऑइलचा दिवा लुकलुकतो. एका मेकॅनिकच्या मते चेंबर (इंजिनाखालचे ऑइलचे भांडे) उतरवून कनेक्टिंग रॉडच्या, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगचे नवीन शेल (अर्धवर्तुळाकार पातळ वाट्या) जागेवरच टाकता येतील, तर दुसरा इंजिन पूर्ण खोलल्याशिवाय कामाला हात लावायला तयार नाही. इंजिनाची ताकद चांगली आहे, धूर नाही आणि ऑइलही कमी होत नाही. यांपैकी कोणाचे ऐकावे आणि चेंबर उतरवल्यावर नेमके काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १

सर्वप्रथम, गाडी चालवणे ताबडतोब थांबवा. झिजलेले शेल एकदा का आपल्या जागेत फिरले, की त्याबरोबर रॉड आणि क्रँक (रॉड ज्याला फिरवते तो इंजिनाचा मुख्य दांडा) दोन्ही खराब होतात आणि मग दुसऱ्या मेकॅनिकचेच म्हणणे मान्य करावे लागते.

आवाज रॉडचाच आहे याची खात्री करून घेण्यासाठी इंजिन चालू असताना एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरचे कनेक्शन थोड्या वेळापुरते काढून पाहा. ज्या सिलिंडरचे जळण बंद केल्यावर ठोका स्पष्टपणे मंदावतो, त्याच रॉडवर संशय घ्यावा. दिव्यावर विसंबू नका, कारण दाब फारच खाली गेल्याशिवाय तो लागत नाही. प्रेशर स्विच काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावा. दर १,००० आरपीएमला साधारण १० पीएसआय हा ढोबळ ठोकताळा आहे, परंतु अंतिम शब्द आपल्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलचाच मानावा.

उत्तर २

वरील मताशी सहमत आहे. तरी माझ्या मते निर्णय शेलवरून नव्हे, तर क्रँकपिनवरून, म्हणजे क्रँकच्या ज्या गोल भागावर रॉड बसते त्यावरून, घ्यायला हवा. शेल झिजण्यासाठीच बनवलेले असते. पिन शाबूत असेल तर जागेवर शेल बदलणे हे पूर्णपणे योग्य काम आहे, आणि पिन गेली असेल तर तिच्यावर नवीन शेल चढवणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे.

कॅप (रॉडच्या खालच्या टोकाचा बोल्टने आवळलेला सुटा अर्धा भाग) काढण्यापूर्वी प्रत्येक रॉडवर आणि तिच्या कॅपवर नंबर व दिशेची खूण करा, कारण एका रॉडची कॅप दुसऱ्या रॉडला चालत नाही. रॉडमध्येच बोल्ट बसवलेले असतील तर त्यांच्या आट्यांवर रबरी नळीचे तुकडे चढवा, म्हणजे रॉड वर ढकलताना पिनवर ओरखडा उमटणार नाही. रॉडच्या बाजूचे, म्हणजे वरचे, शेल नीट पाहा. जळणाचा धक्का तेच सोसते. राखाडी थर सर्वत्र एकसारखा असेल तर झीज साधारण आहे, तांबूस पट्टा उघडा पडला असेल तर वरचा मुलामा संपलेला आहे.

त्यानंतर पिनवरून नख फिरवा. नख अडकले तर क्रँक काढून ग्राइंडिंग करणे भाग आहे, मग ०.२५ मिमी अंडरसाइज शेल, म्हणजे घासून बारीक झालेल्या पिनसाठीचे शेल, लागतील. नख अडकले नाही तरी मायक्रोमीटरने काटकोनातल्या दोन दिशांना आणि पिनच्या दोन्ही टोकांना माप घ्या, कारण अंडाकृती झालेली पिन हाताला गुळगुळीतच लागते. नवीन शेल बसवल्यावर पिनवर प्लास्टिगेज (फट मोजण्याची दबणारी मऊ प्लास्टिकची पट्टी) ठेवून कॅप पूर्ण टॉर्कला, म्हणजे मॅन्युअलमधल्या ठरावीक जोराने, आवळा, क्रँक मुळीच फिरवू नका, आणि कॅप काढून पट्टी किती पसरली ते पाहा. लहान गाड्यांमध्ये पिन आणि शेलमधली फट बहुधा ०.०२५ ते ०.०५ मिमीच्या दरम्यान असावी लागते. ती जास्त भरली म्हणून शेलमागे कागद किंवा पत्रा घालणे अथवा कॅप घासणे, हे प्रकार कोणी सुचवले तरी करू देऊ नयेत.

उत्तर ३

बेअरिंग का झिजले, हा प्रश्न अद्याप कोणी विचारलेला नाही, आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. चेंबर उतरलेच आहे तर ऑइल पंपाची जाळी काढून प्रकाशात धरा. तिच्यात गाळ किंवा सीलंटचे तुकडे अडकले असतील तर नवीन शेलही त्याच मार्गाने जातील. जुना ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उलगडा. बेअरिंगचा चुरा चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे चुंबक स्वच्छ निघाला म्हणून निश्चिंत होऊ नका. चुरा भरपूर असेल तर तो क्रँकच्या ऑइलमार्गांतही बसलेला असतो, आणि तेवढ्यासाठी तरी इंजिन उतरवावेच लागते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तिसऱ्या सिलिंडरच्या वरच्या शेलवर तांबूस पट्टा आढळला, उर्वरित शेल राखाडी आहेत. सर्व पिनांची मापे मॅन्युअलच्या मर्यादेत आहेत, फिल्टरमध्ये चुरा अगदी थोडा आहे, मात्र पंपाची जाळी सीलंटच्या तुकड्यांनी निम्मी बुजलेली होती. जुने बोल्ट पुन्हा वापरता येतील का?

उत्तर २

कारण सापडले, हे फार चांगले झाले. टॉर्कनंतर ठरावीक अंशांनी आवळायचे बोल्ट ताणले जातात, त्यामुळे ते नवीनच घ्या. सर्व रॉडचे शेल एकदम बदला. शेलची पाठ कोरडी व स्वच्छ ठेवा आणि फक्त पिनच्या बाजूला असेंब्ली ल्यूब (जोडणी करताना लावायचे घट्ट वंगण) लावा. चेंबर बसवताना सीलंटची रेघ बारीक ठेवा. नवीन फिल्टर ऑइलने भरून लावा आणि इंजेक्टर व इग्निशन बंद ठेवून गेजवर दाब दिसेपर्यंत थोडा थोडा वेळ स्टार्टर फिरवा, त्यानंतरच इंजिन सुरू करा. पहिले ऑइल लवकर बदलून तो फिल्टरही कापून पाहावा.