अनुभव धागा: घरातली विषं आणि आपली छोटी मुलं (इंदूरकरांनो, लिहा)

गणपतीत घर पाहुण्यांनी भरतं, बॅगा जमिनीवर असतात आणि रांगतं मूल सगळीकडे पोचतं. तुमच्याकडे काय घडलं, त्यानंतर घरात काय बदललंत, ते लिहा. छोटं वाटलं तरी लिहा.

रामबागेतून, एक मावशी:
आमच्याकडे कापूर. भाचा दोन वर्षांचा. आरती आटोपून सगळे प्रसादाच्या गडबडीत, आणि देवघरात खडीसाखरेची वाटी आणि कापराची डबी शेजारी शेजारी. त्याच्या तोंडाला कापराचा वास आला म्हणून ताईला कळलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, मिठाचं पाणी पाजून उलटी काढा. भाओजींनी ऐकलं नाही, तसंच उचलून रिक्षात बसले. वाटेतच पोराला झटके आले. डॉक्टर म्हणाले, कापराने काही मिनिटांतही फिट येऊ शकते. त्या वेळी उलटी होत असती तर ती फुप्फुसात गेली असती. पोरगं आता छान आहे. पण हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो. कापूर आता फिरकीच्या झाकणाच्या डबीत, वरच्या फळीवर. आरती झाली की आधी तो उचलायचा.

बालरुग्ण विभागात काम करणारी ताई:
मावशी, भाओजींनी अगदी योग्य केलं. मिठाचं पाणी तर कधीच नको, लहान मुलाच्या रक्तात मीठ वाढून तेच जिवावर बेततं. संडास साफ करायचं ॲसिड उलटीवाटे वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजतं. टर्पेंटाइन, रॉकेल श्वासात गेलं की न्यूमोनिया. दिवाळीच्या रंगकामात टर्पेंटाइन थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवतात, ते आजच बंद करा. तोंडात उरलेलं पुसून काढा, बाटली किंवा गोळ्यांची पट्टी सोबत घ्या आणि निघा. दिल्लीच्या एम्समधलं विष माहिती केंद्र चोवीस तास फोन घेतं: १८०० ११६ ११७. मूल बेशुद्ध असेल, झटके येत असतील तर आधी १०८.
रिमोटमधला चपटा गोल सेल गिळला तर अजिबात थांबू नका. अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही खोल भाजतं.

सुदामानगर, आजोबा:
माझ्या शुगरच्या गोळ्या उशाशी असत. सूनबाईंनी डॉक्टरांना विचारलं, तर कळलं की यातली काही औषधं अशी आहेत की एका गोळीनेही लहान मुलाची साखर उतरते, तीही कधी कधी काही तासांनी. मूल खेळताना दिसतं आणि आपण निर्धास्त राहतो. आता गोळ्या कुलपात. पाहुण्यांच्या पर्ससुद्धा आम्ही कपाटावर ठेवतो, कुणी रागावत नाही. आणि नातवाला औषध देताना चॉकलेट म्हणायचं नाही, हा नियम मी स्वतः केला.

लोकमान्यनगर:
मुदत संपलेली औषधं घरात साठवू नका हो. आपल्या कचरागाडीत घातक कचऱ्याचा कप्पा वेगळा आहे, त्यात द्या.

मल्हारगंज, एक आई:
डांबरगोळ्यांचं कुणी लिहिलं नाही. बहिणीच्या मुलीने ट्रंकेतली एक चघळली. त्या दिवशी काहीच नाही. दोन दिवसांनी लघवी चहासारखी गडद आणि पोर पिवळी पडली. रक्तातल्या एका एन्झाइमची तिला जन्मजात कमतरता होती, ती तेव्हा कळली. रक्त चढवावं लागलं. आता ट्रंकेत कडुनिंबाचा सुका पाला घालतो.