जुना संगणक चालेल, गोची डिशवरच्या एलएनबीची आहे

दहा वर्षांपूर्वीच्या संगणकावर टीव्ही रेकॉर्ड होईल का, असं एकानं विचारलंय. आरामात होईल. फ्री डिशचा (दूरदर्शनच्या मोफत डीटीएचचा) सिग्नल मुळात एमपेग रूपातच, म्हणजे आधीच आकसलेल्या डिजिटल व्हिडिओच्या रूपात येतो. टीव्हीहेडएंड हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर तो जसाच्या तसा डिस्कवर उतरवतं, त्यामुळे प्रोसेसरला जवळपास कामच नसतं. सेकंदाला ४ मेगाबिटचं चॅनल तासाला साधारण १.८ जीबी खातं, एवढाच हिशोब.

खरी गोची वायरीत. मी आधी साधा स्प्लिटर लावून एकच केबल सेट-टॉप बॉक्स आणि संगणकातल्या डीव्हीबी-एस२ कार्डाला (डिशचा सिग्नल घेणाऱ्या ट्यूनरला) दिली. आई खाली सह्याद्री बघायची आणि माझं रेकॉर्डिंग मधेच काळं! एलएनबी म्हणजे डिशसमोरचा सिग्नल पकडणारा डबा; त्याला उभं की आडवं ध्रुवीकरण (कोणत्या दिशेच्या लहरी घ्यायच्या) हे केबलमधून येणाऱ्या १३ किंवा १८ व्होल्टवरून कळतं. एक १३ मागतोय, दुसरा १८ देतोय, मग काय होणार? दोन आउटपुटचा एलएनबी लावून दोन स्वतंत्र केबली ओढल्या, भांडण मिटलं (आईशीही).

कार्यक्रमपत्रिकेतल्या वेळांवर विसंबू नका. मागेपुढे दहा मिनिटं जास्तीची ठेवा. आणि खाजगी डीटीएचची सांकेतिक (एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद) चॅनलं यातून मिळणार नाहीत, तो नाद सोडा.