आईच्या वतीने सह्या करायचा अधिकार कसा मिळवायचा? (डिमेन्शियाची सुरुवात)

ठाणेकरीण
नमस्कार मंडळी. आई ७४ वर्षांची, बाबा गेल्यापासून फॅमिली पेन्शनवर एकटीच राहते. न्यूरोलॉजिस्ट म्हणाले अल्झायमर आहे, पण अगदी सुरुवात. बोलते चालते छान, शेजारच्या काकूंनी कोणत्या साली चकली बिघडवली तेसुद्धा सांगेल, पण गॅस चालू ठेवून देवळात जाते आणि परवा एकच लाइटबिल दोनदा भरलं. फ्लॅट, एफडी, लॉकर सगळं तिच्या एकटीच्या नावावर. भाऊ बंगळूरला, त्याची हरकत नाही. एक एजंट म्हणतो पॉवर ऑफ अॅटर्नी रजिस्टर करून टाका, आयुष्यभराचं टेन्शन गेलं. खरंच एवढं सोपं असतं का?

कोर्टाची पायरी
ताई, एजंट अर्धंच सांगतोय. पॉवर ऑफ अॅटर्नी (पीओए) जरूर करा, पण आईला समजतंय तोवरच ती चालते. काँट्रॅक्ट अॅक्टचं कलम २०१ बघा, अधिकार देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की दिलेला अधिकारही संपला, मग कागद रजिस्टर्ड असो की त्यात 'कायमस्वरूपी' असं ठळक लिहिलेलं असो. थोडक्यात, नेमकी गरज पडेल तेव्हाच तो रद्दी. इंग्लंड-अमेरिकेत पुढेही टिकणारी पॉवर करता येते, आपल्याकडे ती सोय नाही.

पण निदान झालं म्हणजे आईची सही बाद असंही नाही हं! त्याच कायद्याच्या कलम १२ प्रमाणे माणूस ज्या वेळी भानावर आहे त्या वेळी केलेला करार चालतो. म्हणून सहीच्या दिवसाचंच डॉक्टरचं सर्टिफिकेट घ्या, शक्य तर व्हिडिओ काढा, साक्षीदार घरातले नकोत. मृत्युपत्रही तेव्हाच उरकून घ्या.

रंकाळ्याचा वारा
आम्ही उशीर केला म्हणून सांगतो. वडील स्ट्रोकनंतर कोमात गेले आणि कळलं की अशा माणसाचे व्यवहार दुसऱ्याने बघायला सरळ कायदाच नाही. १८९० चा गार्डियनचा (पालक नेमायचा) कायदा अल्पवयीन मुलांसाठी, नॅशनल ट्रस्टचा १९९९ चा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी वगैरेसाठी. १९८७ च्या मेंटल हेल्थ अॅक्टमध्ये जिल्हा कोर्टातून मालमत्तेसाठी मॅनेजर नेमायची सोय होती, २०१७ चा नवीन आला आणि तीही गेली. शेवटी हायकोर्टात राज्यघटनेच्या कलम २२६ खाली रिट अर्ज. सरकारी हॉस्पिटलच्या डॉक्टरांचा रिपोर्ट, सगळ्या वारसांची अॅफिडेव्हिट, मालमत्तेची यादी, आमच्या वकिलांनी केरळ हायकोर्टाची २०१९ ची शोभा गोपालकृष्णन केस (कोमातल्या रुग्णासाठी पालक नेमण्याबद्दलची) पुढे केली, मग ऑर्डर. वर हिशोब कोर्टात द्यायचा आणि जागा विकायची तर परत परवानगी. तेव्हा मुंबईला खेपा घालाव्या लागल्या, आता २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच तरी झालंय.

खिडकी नंबर ३ (बँकेतून रिटायर)
निम्मी कामं पीओएशिवाय होतात. सेव्हिंग आणि एफडीला तुमचं नाव 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कुणीही एक, किंवा मागे राहील तो) लावा, लॉकरही जॉइंट करा. एफडी मुदतीआधी मोडायला दोघांच्या सह्या मागतात, त्याचं संमतीपत्र आत्ताच देऊन ठेवा. पेन्शनच्या खात्याचं मात्र शाखेत विचारा, तिथे नियम वेगळे. आणि नॉमिनेशनवर विसंबू नका, ते माणूस गेल्यावर कामाला येतं. हयातीचा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवून होतो, त्यासाठी आईला नोव्हेंबरात रांगेत उभं करू नका.

ठाणेकरीण
खूप खूप आभार सगळ्यांचे. आणि उपचारांचं काय? उद्या व्हेंटिलेटर लावायचा का असं विचारलं तर?

कोर्टाची पायरी
त्याचे दोन वेगळे कागद. २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर अॅक्टमध्ये साध्या कागदावर सही करून 'नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्ह' नेमता येतो, पण तो फक्त मानसिक आजाराच्या उपचारांपुरता, फ्लॅटशी त्याचा काही संबंध नाही. व्हेंटिलेटर वगैरेसाठी लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या काळात कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायचा कागद. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये मान्य केलं तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची, २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर पुरतो. आईला काय हवंय ते तिलाच विचारा, भावाने फोनवर ठरवू नये.

ठाणेकरीण
विचारते. दुपारी चारनंतर तिचा गोंधळ वाढतो, म्हणून डॉक्टर आणि रजिस्ट्रेशन दोन्ही एकाच सकाळी जमवायचं बघते.

खिडकी नंबर ३
सब-रजिस्ट्रार ऑफिसची गर्दी झेपणार नसेल तर अर्ज आणि फी भरून अधिकारी घरी येतात, त्याची चौकशी करा. आणि आईचा चष्मा जवळ ठेवा, सही करायच्या वेळी हमखास सापडत नाही.