शब्दचर्चा: विद्यार्थ्याला प्रगती ‘कळवत राहणे’

लेखणी: बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाची माहितीपुस्तिका मराठीत करायची आहे. मसुद्यातलं एक वाक्य असं: ‘विद्यार्थ्यांना त्यांच्या प्रगतीबाबत वेळोवेळी अवगत करण्यात येईल.’ व्याकरणात चूक नाही, पण कोण, काय आणि कधी सांगणार याचा पत्ता लागत नाही. शिवाय ‘फीडबॅक’साठी एका पानावर प्रत्याभरण, दुसऱ्यावर अभिप्राय, तिसऱ्यावर प्रतिसाद आणि चौथ्यावर शेरा आलाय. कोणता शब्द कुठे ठेवावा?

मोजपट्टी: पहिल्यांदा ‘वेळोवेळी’ काढा. हा शब्द लिहिणाऱ्याला कशालाच बांधून घेत नाही. ‘अवगत करणे’ही दप्तरी आहे, त्याजागी ‘कळवणे’ पुरतं. आणि ‘कळवण्यात येईल’ऐवजी ‘कळवत राहतील’ म्हणा, म्हणजे सातत्य क्रियापदातच येतं आणि कर्ता लिहावाच लागतो: ‘विषयशिक्षक कळवत राहतील.’

सातत्य म्हटलं की आठवडेही द्या. बारा आठवड्यांसाठी असं बसतं: दुसऱ्या आठवड्यात एक छोटं काम, एकूण गुणांच्या पाच-दहा टक्क्यांचं, आणि त्यावरचा अभिप्राय तिसऱ्या आठवड्यात. सहाव्याच्या अखेरीस लेखी प्रगतिपत्रक. नवव्यात प्रत्येकाशी पंधरा मिनिटं समोरासमोर. पहिली खबर सहाव्या आठवड्यात मिळाली तर चुकीची सवय तोवर पक्की झालेली असते. तपासलेलं काम परत करायची मुदतही दिवसांत लिहा, सात किंवा दहा दिवस, पण पुढचं काम जमा करायच्या तारखेआधी. दुसरा निबंध देऊन झाल्यावर पहिल्यावरचा अभिप्राय हातात पडला, तर तो वापरायला जागाच उरत नाही.

दौत: आता ते चार शब्द. ते एकमेकांचे पर्याय नाहीत.

‘प्रतिसाद’ बाद करा. प्रतिसाद देतो तो हाक ऐकणारा. वर्गात तो विद्यार्थी देतो.

‘प्रत्याभरण’ अध्यापनशास्त्राच्या पुस्तकांत रुळलेला आहे, शिक्षकांसाठीच्या पुस्तिकेत चालेल. विद्यार्थ्यासाठीच्या पानावर मात्र तो अडतो. काही जण ‘पुनर्भरण’ लिहितात, पण ते वाचून मराठी माणसाला विहीर आणि भूजल आठवतं.

‘शेरा’ म्हणजे वरिष्ठाने कागदाच्या कडेला किंवा तळाशी मारलेली ओळ. शेरा ‘मारतात’, अभिप्राय ‘देतात’. फरक या क्रियापदांतच आहे. ‘बरे’, ‘समाधानकारक’, ‘अधिक मेहनत हवी’ हे शेरे. त्यांनी काम निकालात निघतं, पण पुढे काय करायचं ते कळत नाही. ‘मेहनत’ कुठे, किती आणि कशावर?

उरला ‘अभिप्राय’. तोच ठेवा, पण त्यात एक खोच आहे: तो दोन्ही दिशांनी वापरला जातो. अभ्यासक्रम संपताना विद्यार्थ्यांकडून भरून घेतात त्या कागदालाही आपण ‘अभिप्राय अर्ज’च म्हणतो. मग ‘अभिप्राय दहा दिवसांत मिळेल’ हे वाचून कोणाला मिळेल असा गोंधळ होतो. शिक्षकाकडून येतो तो ‘कामावरचा अभिप्राय’ आणि विद्यार्थी देतो ते ‘अभ्यासक्रमाविषयीचं मत’, अशी विभागणी पहिल्याच पानावर करा आणि शेवटपर्यंत पाळा.

खडू: शेरा आणि अभिप्राय यांतला फरक एका नमुन्यावर दाखवतो. प्रयोगवहीवर ‘आलेख नीट काढा’ लिहिलं तर तो शेरा. अभिप्राय असा: ‘बिंदू बरोबर मांडलेत. उभ्या अक्षावर एकक लिहिलेलं नाही, त्यामुळे चढाचं मूल्य कशात आहे ते समजत नाही. पुढच्या प्रयोगात बिंदू मांडण्याआधी दोन्ही अक्षांवर राशी आणि एकक लिहा.’ काय जमलं, काय राहिलं आणि त्याने काय बिघडलं, पुढच्या वेळी काय करायचं. एका कामावर असे दोन किंवा तीनच मुद्दे द्यावेत. दहा चुकांवर दहा खुणा केल्या की विद्यार्थी सगळ्यात सोपी चूक सुधारतो आणि मोठी तशीच राहते.

गुण आणि अभिप्राय एकत्र द्यावेत का, हाही प्रश्न यात आहे. शिक्षण-मानसशास्त्राच्या अभ्यासक रूथ बटलर यांनी १९८८मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही मुलांना फक्त गुण, काहींना फक्त अभिप्राय आणि काहींना दोन्ही दिले होते. फक्त अभिप्राय मिळालेल्यांचं काम सुधारलं. जोडीला गुण आले तिथे अभिप्रायाचा तो फायदा दिसला नाही. म्हणून निदान पहिल्या छोट्या कामावर आधी अभिप्राय द्या, त्यावर दुरुस्ती करून घ्या आणि गुण दोन-तीन दिवसांनी कळवा. पुस्तिकेत हा क्रम लिहून ठेवा, नाहीतर गुण लपवले असं वाटतं.

मोजपट्टी: प्रगतिपत्रकातल्या आकड्यांची भाषाही इथेच बघू, कारण सगळ्यात जास्त तक्रारी तिथून येतात. समजा, एकूण १०० गुणांपैकी ४० गुणांचं काम झालंय आणि विद्यार्थ्याला २८ मिळालेत. पत्रकात ‘आतापर्यंत: २८ टक्के’ आलं तर तो नापास झाल्यासारखा हादरतो. ‘७० टक्के’ आलं तर शेवटी तेवढेच मिळणार असं धरून बसतो. पूर्ण वाक्य लिहा: ‘झालेल्या ४० गुणांपैकी २८, अजून ६० गुणांचं काम बाकी.’

दुसरी अडचण रिकाम्या रकान्याची. तीन कामांपैकी दोन जमा झाली, दहापैकी ७ आणि ८ मिळाले, तिसरं आलं नाही. रकाना रिकामा ठेवला तर तक्त्यातलं सरासरीचं सूत्र तो सोडून देतं आणि उत्तर ७.५ येतं. तिथे ० घातलं की उत्तर ५. विद्यार्थी तोच, चित्र मात्र दोन. म्हणून रकान्यात शब्द हवा, आणि इथे ‘निरंक’ अजिबात लिहू नका. कचेरीत निरंक म्हणजे कळवण्याजोगं काही नाही. गुणपत्रकात त्याचा अर्थ शून्य की काम आलंच नाही, हे ठरत नाही. तीन शब्द ठरवून घ्या: जमा करायची तारीख उलटूनही आलं नाही ते ‘अप्राप्त’, आलंय पण तपासायचं राहिलं ते ‘तपासणी बाकी’, आणि तपासून काहीच गुण मिळाले नाहीत तर ‘०’. अप्राप्तला शून्य धरणार असाल तर कोणत्या तारखेपासून, ते तळाशी लिहा.

दौत: ‘मूल्यमापन’ एकटं वापरू नका. अभ्यासक्रम चालू असताना होतं ते ‘आकारिक’, शेवटी होतं ते ‘संकलित’. इंग्रजीत ही जोडी (फॉर्मेटिव्ह, समेटिव्ह) मूल्यमापनाचे अभ्यासक मायकल स्क्रिव्हन यांनी १९६७मध्ये आणली. ‘आकारिक’ म्हणजे आकार देणारं. कामाला अजून आकार देता येतो तोवरच या शब्दाला अर्थ आहे.

लेखणी: मग मसुदा असा करते: ‘प्रत्येक कामावरचा अभिप्राय विषयशिक्षक ते जमा झाल्यापासून दहा दिवसांत आणि पुढच्या कामाच्या तारखेआधी देतील. सहाव्या आठवड्याअखेर लेखी प्रगतीपत्रक मिळेल. त्यात झालेल्या कामाचे गुण, बाकी कामाचे गुण आणि पुढे कशावर भर द्यायचा ते असेल. नवव्या आठवड्यात प्रत्येकाशी पंधरा मिनिटं समोरासमोर बोलणं होईल.’

दौत: चांगलं झालंय. एकच दुरुस्ती: ‘प्रगतिपत्रक’, ति ऱ्हस्व. ‘प्रगती’ एकटा येतो तेव्हा दीर्घ, पण संस्कृतात मुळात ऱ्हस्व असलेला असा तत्सम शब्द समासात आधी आला की ऱ्हस्व: प्रगतिपुस्तक, गतिशास्त्र, बुद्धिबळ. ‘प्रगतीविषयी’, ‘प्रगतीबाबत’ मात्र दीर्घच. तिथे शब्दयोगी अव्यय जोडलंय, समास नाही.

खडू: आणि अभिप्राय समजला नाही तर कोणाकडे, कोणत्या वेळेत जायचं तेही त्याच परिच्छेदात घाला. वेगळ्या पानावर ठेवलं की कोणी उलटून बघत नाही.