मदत हवी आहे: ज्येष्ठांसाठी दसरा-दिवाळीच्या हस्तकला, करून लगेच घरी नेता येतील अशा (नाशिक)

नमस्कार मंडळी,

इंदिरानगरला आमच्या भागातल्या ज्येष्ठांचा एक गट दर बुधवारी दुपारी जमतो. पंचविसेक जण, बहुतेक सत्तरीच्या पुढचे. भजन, थोडा व्यायाम, चहा, गप्पा. यंदा नवरात्रापासून दिवाळीपर्यंत दर बुधवारी हाताने काहीतरी करायचं आणि ते त्याच दिवशी घरी न्यायचं असं ठरलंय. जमवाजमव माझ्या गळ्यात पडली आहे.

व्हिडिओ भरपूर पाहिले. शरद ऋतू म्हटलं की सगळीकडे नारिंगी भोपळे आणि लालपिवळी पानं. आपल्याकडे पानगळ शिवरात्र-होळीच्या सुमारास. आत्ता बाहेर आहे तो झेंडू, शेवंती आणि डोकं उठवणारं ऊन. म्हणजे ते सगळं बाद. शिवाय मला बालवाडीचं काम नको आहे. मागे एका पाहुण्या बाईंनी कागदी बशीचं घुबड करून घेतलं होतं. हयातभर शिवणकाम करून घर चालवलेल्या एक आजी ते टेबलावरच ठेवून निघून गेल्या, आणि मला त्यांचं अजिबात चुकलं असं वाटत नाही. वस्तू अशी हवी की घरी सून म्हणेल, "आणा, दारालाच लावू."

अडचणी: दोघींची बोटं संधिवाताने वाकलेली, एका काकांचा उजवा हात अर्धांगवायूनंतर साथ देत नाही, मोतीबिंदूवाले बरेच. सुईत दोरा ओवणं हाच अर्ध्या तासाचा कार्यक्रम होतो. वेळ मिळतो जेमतेम दीड तास. अर्धे लोक सिटीलिंक बसने येतात, तेव्हा ओला रंग आणि नाजूक काच नको. खर्च माणशी ४०-५० रुपयांत बसावा. पुरुष मंडळी "हे बायकांचं काम" म्हणून कोपऱ्यात पेपर उघडून बसतात, त्यांच्यावरही उपाय सुचवा.

— बुधवारची ताई

---

लोकरवेडी: लोकरीचे झेंडू करा, डोळे झाकून! जाड पुठ्ठ्याचा ५-६ सेंमी रुंदीचा तुकडा घ्यायचा, त्यावर केशरी किंवा पिवळी लोकर ७०-८० वेढे गुंडाळायची. मग गुंडाळलेली लोकर पुठ्ठ्यावरून अलगद सरकवून काढायची, मधोमध करकचून बांधायची, दोन्ही बाजूंचे फास कापायचे आणि कात्रीने गोल छाटायचं. छाटताना हात आखडता घेऊ नका. आधी ते पिंजारलेल्या कोंबडीसारखं दिसतं, जितकं छाटाल तितका झेंडू भरगच्च होतो. गुंडाळणं वाकलेल्या बोटांनाही जमतं. गाठ मात्र दुसऱ्याने मारायची, कारण ती सैल राहिली तर छाटताना सगळं फूल हातात येतं. मधे हिरव्या कापडाची आंब्याची पानं ओवली की तोरण. पूर्ण दाराचं तोरण एका दुपारी होणार नाही, तेव्हा पहिल्या बुधवारी तीन-चार फुलांची लोंबती माळ करून द्या. देव्हाऱ्याच्या बाजूला छान दिसते. आणि सुती लोकर घेऊ नका, तिची फुलं चपटी बसतात.

सावकाश: मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणून हातांपुरतं लिहिते. ब्रश, पेन्सिल यांच्या दांड्याला फोमची नळी किंवा जुन्या टॉवेलची पट्टी गुंडाळून जाड करा. बारीक दांडा आवळून धरण्यातच संधिवाताचा हात दमतो. आपोआप उघडणारी स्प्रिंगची कात्री मिळते, दोन-तीन घेऊन ठेवा. कागदाखाली ओलसर फडकं अंथरलं की तो सरकत नाही. अर्धांगवायूवाल्या काकांसाठी टेबलाला कागद पकडणारा चिमटा लावा. त्यांचा उजवा हात मांडीवर पडून राहू देऊ नका, टेबलावर ठेवायला सांगा, जमेल तेवढा कागद दाबायला वापरू दे. सुया आधीच ओवून उशीला टोचून ठेवा. खिडकीचा उजेड बाजूने यायला हवा, समोरून आला तर मोतीबिंदूवाल्यांचे डोळे दिपतात. झटपट चिकटणारा गोंद आणि गरम गोंदाची बंदूक खोलीतही आणू नका, साधा पांढरा फेविकॉल पुरे. अर्ध्या वाटेत चहा ठेवा, म्हणजे बोटांना विश्रांती.

ओझरकर: पुरुषांचा प्रश्न सोपा आहे. त्यांना मोजमाप द्या. माझे वडील एचएएल या विमान कारखान्यातून निवृत्त, "क्राफ्ट" म्हटलं की उठून जातात, पण पट्टी आणि पेन्सिल हातात दिली की हलत नाहीत. तुमच्याकडे नाशिकरोडच्या नोट प्रेसमधले कुणी असतील तर त्यांना आखणी द्या आणि बघा. घडीचा आकाशकंदील करा. कार्डशीट लांबीत मधोमध दुमडायची. उघड्या कडेला २ सेंमी पट्टी सोडून रेघ मारायची. दुमडलेल्या बाजूकडून त्या रेघेपर्यंत दीड-दीड सेंमीवर काप द्यायचे. उलगडून गोल केलं की मधला भाग फुगतो. आत वेगळ्या रंगाची नळकांडी, खाली पतंगाच्या कागदाच्या झिरमिळ्या. मुख्य फायदा असा की गोल न करता सपाटच घरी नेता येतो, दोन पिना घरी मारायच्या. बसमध्ये चेपायची भीती नाही. आत फक्त एलईडी माळ सोडा, पणती ठेवायची नाही हे बजावून सांगा.

गोदाकाठी: पणत्या रंगवून घ्या. जुन्या नाशकात कुंभारवाड्यात थेट घेतल्या तर स्वस्त पडतात. रंग बाहेरूनच द्या, आतून आणि वातीच्या चोचीला नको. ऑक्टोबरच्या उन्हात अ‍ॅक्रिलिक रंग चहा होईपर्यंत वाळतो. न्यायला अंड्यांचे रिकामे ट्रे कापून द्या, एका खळग्यात एक पणती. आमच्याकडे हेच केलं होतं.

बुधवारची ताई: @गोदाकाठी, ट्रेची कल्पना झकास, पण आमच्यात दोन माळकरी आहेत! मिठाईच्या खोक्यात कागदाचे कप्पे करून देईन.

@ओझरकर, प्रेसमधले एक काका आहेतच. त्यांना रेघ अर्धा मिलिमीटर सरकलेली खपत नाही. त्यांच्याकडूनच सगळ्यांच्या शीट आखून घेते.

पडवी: फुलवाती कुणीच सुचवल्या नाहीत? कापूस पिंजून बोटभर पाकळी करायची, तळ तळहातावर गोल दाबायचा, टोकाला बोटाने दुधाचा थेंब लावून पीळ द्यायचा. निम्म्या आज्यांना हे येतच असेल, त्यांना शिकवायला बसवा आणि तुम्ही विद्यार्थी व्हा. डबीत २१ फुलवाती भरून नेल्या की दिवाळीत रोज देवापुढे लागतात. उत्साह टिकला तर त्रिपुरी पौर्णिमेसाठी ३६५ वातींचा जुडगाही होईल, पण तो गटाने मिळून. एकट्याला कंटाळा येतो. पंखा बंद ठेवा, नाहीतर कापूस भजनी मंडळाच्या अंगावर.

बुधवारची ताई: हे तर सुचलंच नव्हतं! आता बेत असा: नवरात्रात लोकरीचे झेंडू, दसऱ्याच्या आधी सोनेरी कागदाची आपट्याची पानं (कागद दुमडून अर्धंच पान कापायचं, उघडलं की दोन पाळ्या नीट जुळतात). झाडं ओरबाडणंही वाचेल आणि आपटा म्हणून तशाच पानांचा कांचन गळ्यात मारून घेणंही. कोजागिरीनंतर पणत्या, मग फुलवाती. कंदील शेवटी, कारण तो घरी लावायची घाई तेव्हाच असते.

आता एकच राहिलं. लोकर पंचवीस जणांपुरती लागणार, मेन रोडला सुटे गुंडे महाग पडतात. नाशकात वजनावर लोकर कुठे मिळते, कुणी हल्लीच घेतली असेल तर भावासकट सांगा. केशरी रंग गडद हवा, फिका चालणार नाही.

लोकरवेडी: दुकान शोधण्याआधी गटातच विचारा. विणणाऱ्या बाईच्या कपाटात उरलेली लोकर नाही असं होत नाही. हिरवी आणि पिवळी तर नक्की निघेल, मग विकत फक्त केशरीच आणावी लागेल.