अनुभव धागा : घरच्या घरी केलेला पऱ्यांचा बड्डे

निंबोणी_जळगाव
काल कानबाईचा (आमच्या खानदेशातली देवी) चौरंग काढायला माळ्यावर चढले तर कूलरच्या जुन्या जाळीखाली चपटे झालेले गुलाबी पंख सापडले. लेकीच्या चौथ्या वाढदिवसाचे. लेक आता दहावीत. पंख झटकले आणि शिंका सुरू, चमकी अजून निघतेय त्यातून, आज सकाळी पोळपाटावर पण होती.

तेव्हा बाईसाहेबांना "परीचा बड्डे" पाहिजे होता. हॉलवाल्याने आकडा सांगितला तो ऐकून ह्यांनी उठून पंखा पाचवर केला. म्हटलं घरीच करू, गच्ची आहे ना. मे महिना, जळगाव, आणि फुगे मी सकाळी दहाला गच्चीवर बांधले. पुढचं तुम्हाला सांगायला नको. साडेअकरापासून फटाके, शेजारचे काका विचारायला आले कोण निवडून आलं म्हणून.

पंखांसाठी ह्यांनी साईटवरून बाइंडिंग तार आणली होती, ती इतकी मऊ की पोरगी पावसात भिजलेल्या कावळ्यासारखी दिसायला लागली. मग इस्त्रीवाल्याकडून तारेचे चार हँगर आणले, एकेक ताणून पाकळीचा आकार दिला, मधे चौघांची टोकं इन्सुलेशन टेपने घट्ट गुंडाळली (टोक उघडं ठेवू नका, पाठीत घुसतं) आणि वरून नेट हाताने शिवलं. हातात घालायला चड्डीचं इलास्टिक, इंग्रजी आठच्या आकारात. नेट कुठून आणलं तर कानबाईच्या मागे लावतो तो पडदा, सासूबाईंना न विचारता कापला. त्यांनी पाहिलं, दिवसभर गप्प. माझ्या पोटात गोळा. संध्याकाळी लेकीला पंख लावताना म्हणाल्या, "कानबाई बी परीच शे वं माय, तिना पडदा तिनाच कामले उना." (म्हणजे तिचा पडदा तिच्याच कामाला आला.)

तुमचे पण अनुभव टाका, परीच पाहिजे असं नाही.

गच्चीवरची
आईगं फुगे 😂 आम्ही भुसावळला क्वार्टरमध्ये हीच चूक केली. आता नियम, मेमधे साडेसहाच्या आत काही लावायचं नाही, आधी दोन वेळा गच्चीवर पाणी मारायचं आणि पोरांना चप्पल काढू द्यायची नाही.

केळीवाली_सून
आमच्याकडे रावेरला डेकोरेशनचा खर्च शून्य. सासऱ्यांनी बागेतून केळीचे दोन खांब आणि पंधरावीस पानं आणून टाकली, गेटला कमान, म्हटलं हे परीचं जंगल. प्लेटी पण केळीच्याच पानाच्या. केळीचा चीक फ्रॉकला लागला की जात नाही हे मला पाच वर्षं शेतकऱ्याच्या घरात राहून माहीत नव्हतं, आठ पोरींचे आठ फ्रॉक, आठ आयांचे फोन. एका आईने अजून तो विषय सोडलेला नाही, परवा हळदीकुंकवाला भेटली तर परत तेच.

भो_धुळेकर
आठच पोरी? आमच्याकडे आठ बोलावल्या की सव्वीस येतात भो. ते एक इंग्रजी गणित आहे ना, वय अधिक एक इतकीच मुलं बोलवायची, चार वर्षांची असेल तर पाच. आमच्या गल्लीत हे सांगून बघा. पाच तर नुसत्या फुईच्या (आत्याच्या) आहेत.

केळीवाली_सून
@भो_धुळेकर खरंय, आणि फुई रिकाम्या हाताने जात पण नाही, डबा भरून द्यावा लागतो 😄

रोजचीच_धावपळ
कुकर लावलाय, पटकन लिहिते. "परीची धूळ" म्हणून पिठीसाखरेत खायचा रंग घालून छोट्या बाटल्या भरल्या, आयडिया माझीच, फार हुशार वाटलं स्वतःला. पोरांनी घरभर उडवली. श्रावणात बड्डे होता, पोळ्यापर्यंत मुंग्या. सोफ्याच्या आत अजून एक रांग आहे असा मला संशय आहे. शिट्टी झाली जाते.

सातपुड्याची_पोर
रांगोळीत चमकी मिसळून पण देऊ नका, डोळ्यात जाते, आम्ही भोगलंय. बाटली द्यायचीच तर झाकण फेव्हिक्विकने चिकटवून द्या, नुसती हलवून बघतात आणि खूश होतात.

तापीकाठ
विषय निघालाच आहे तर एक सांगतो. ते बाटलीत घालायचे छोटे परीवाले लाईट मिळतात ना, त्यात बटणाएवढा चपटा सेल असतो. दोन-तीन वर्षांच्या पोराने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासात आतून भाजतं. भाचीच्या वेळी धाकट्याच्या मुठीत सापडला होता, तोंडापर्यंत गेला नव्हता म्हणून वाचलो. स्क्रूने बंद होणारी डबी असेल तरच घ्या. फुटलेल्या फुग्याचे तुकडे पण लगेच उचला, घशात चिकटतात. घाबरवायला लिहीत नाहीये.

निंबोणी_जळगाव
@तापीकाठ बरं झालं लिहिलंत. आम्ही गणपतीची प्लगवाली माळ लावली होती. म्हणजे केक आला आणि लाईट गेली, तो भाग वेगळा.

शब्दवेडा
परी हा शब्द फारसीतून आलाय आणि इंग्रजीतला फेअरी लॅटिनमधल्या फाता म्हणजे नियती ह्या शब्दावरून. कानाला भाऊबहीण वाटतात, नातं काही नाही. धाग्याशी संबंध नाही, माफी.

भो_धुळेकर
@शब्दवेडा तुम्हाला बड्डेला बोलवायचं म्हणजे केक कापायच्या आधी व्युत्पत्ती ऐकावी लागणार 😀

दादर_भाकरी
आमच्या आजीने पाळण्याजवळचा पऱ्यांचा फोटो पाहून घर डोक्यावर घेतलं होतं. तिच्या लेखी पाण्याकाठच्या बाया म्हणजे साती आसरा, त्यांना घरात कोण बोलवतं, विहिरीवर जाऊन हळदकुंकू वाहून यायचं आणि मागे न बघता घरी यायचं. शेवटी तडजोड झाली. सात पऱ्या होत्या त्यातली एक मी कात्रीने कापली, सहाच ठेवल्या. आजी म्हणाली "आता चालीन". बड्डे झाल्यावर सगळ्यात जास्त केक तिनेच खाल्ला, अंडं नाही ना एवढं तीनदा विचारून.

सातपुड्याची_पोर
@दादर_भाकरी सातवी कुठे गेली मग??

दादर_भाकरी
फ्रीजवर चिकटवली. आजी फ्रीज उघडत नाही.

एक_बाबा_चाळीसगाव
माझ्या मुलाला पंख पाहिजे होते. बहिणीचा बड्डे, तो पाच वर्षांचा, जुळी नसली तरी सगळं दोघांना सारखं लागतं. माझे वडील म्हणाले पोरगं आहे, फेटा बांधा. पोराने फेटा पण बांधला आणि पंख पण लावले, हातात काडीला चॉकलेटच्या सोनेरी कागदाची चांदणी चिकटवलेली, आणि सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेला लाकडी घोडा ओढत आला. वडिलांनी स्वतः फोटो काढला. आता तोच फोटो त्यांच्या मोबाईलवर आहे, डीपी.

केळीवाली_सून
किती गोड 😍

खापर_चूल
खाण्याचं कोणीच बोलत नाही? मी बोलते. इंटरनेटवर बघून परीब्रेड केला, तो ऑस्ट्रेलियाचा प्रकार आहे, पांढऱ्या ब्रेडला लोणी लावायचं, रंगीत बारीक गोळ्या भुरभुरायच्या, त्रिकोण कापायचे. पोरांनी वरच्या गोळ्या चाटल्या आणि ब्रेड परत ताटात ठेवला. ओले त्रिकोण. कोणाचा कोणता कळायला मार्ग नाही. तेव्हा आमच्या आई (सासूबाई) बाहेर चुलीवर खापर घालून बसल्या होत्या कारण पाहुणे येणार तर मांडे नकोत का, त्यांचं म्हणणं. एका पोरीने मांडा हातावर पसरताना पाहिला, हवेत फिरवून फिरवून परातीएवढा होतो ना, ती ओरडली परीची ओढणी! झालं. सगळ्या पोरी चुलीभोवती. आई दोन्ही कोपरांपर्यंत मांडा नेऊन खापरावर टाकत होत्या आणि पोरी प्रत्येक वेळी टाळ्या वाजवत होत्या. केकपेक्षा मांडे जास्त गेले, दुधात कुस्करून. मी ठरवलेले पाच गेम तसेच कागदावर राहिले. पुरण कमी पडलं म्हणून शेवटचे दोन मांडे नुसत्या तुपावर.

रोजचीच_धावपळ
परत आले. मांडे वाचून भूक लागली, कुकरमधे मात्र फौजदारी डाळ आहे. आमच्याकडे म्हातारीचे केस ठेवले होते, पाटीवर लिहिलं परीचे केस. जाऊबाईंच्या मुलाने विचारलं परी म्हातारी झाली का. उत्तर नव्हतं.

कात्री_आणि_गोंद
फोटोसाठी एक आयडिया देते. इंग्लंडमधे 1917 साली कॉटिंग्लीला दोन मावसबहिणींनी, एल्सी 16 आणि फ्रान्सिस 9 वर्षांची, कागदावर पऱ्या काढून कापल्या, टोपीच्या पिनांनी गवतात उभ्या केल्या आणि घरच्या कॅमेऱ्यावर फोटो काढले. शेरलॉक होम्सवाले कॉनन डॉयल साहेब फसले, 1920 मधे मासिकात लेख लिहिला! पोरींनी खरं सांगितलं 1983 ला, म्हाताऱ्या झाल्यावर. तर आम्ही तेच केलं, चार्ट पेपरच्या पऱ्या, तुळशीच्या कुंडीत आगपेटीच्या काडीवर उभ्या, कॅमेरा अगदी मातीला टेकवून धरायचा, मागे पोरीचं तोंड. प्रिंट काढून रिटर्न गिफ्ट दिलं. तीसेक रुपयांच्या आत एक. माझी मुलगी सहा महिने शाळेत सांगत होती आमच्या कुंडीत परी येते, बाईंनी मला बोलावून घेतलं.

भो_धुळेकर
@कात्री_आणि_गोंद म्हणजे तुम्ही 1983 पर्यंत थांबणार

गच्चीवरची
स्कर्टचं कोणी सांगेल का? शिवणयंत्र नाहीये.

कात्री_आणि_गोंद
@गच्चीवरची शिवायचंच नाही. कमरेपेक्षा दोन इंच कमी इलास्टिक, टोकं गाठ मारून गोल करायचं, खुर्चीच्या पाठीला अडकवायचं. नेटच्या चारपाच इंच रुंद पट्ट्या, लांबी स्कर्टच्या दुप्पट. पट्टी मधे दुमडून इलास्टिकखालून घालायची आणि दोन्ही टोकं फासातून ओढायची. गाठी जवळजवळ सरकवत जा. मला साडेतीन मीटर लागलं. आत लेगिंग घाला नाहीतर टोचतं म्हणून रडतात, मग परी चड्डीवर फिरते.

एक_बाबा_चाळीसगाव
@निंबोणी_जळगाव ताई, लाईट गेल्यावर काय केलं ते राहिलंच.

निंबोणी_जळगाव
काही नाही हो, सासूबाईंनी पोरींना गोल बसवलं आणि गुलाबाईची (आमच्याकडचा भाद्रपद-आश्विनातला पोरींचा सण) गाणी सुरू केली, मे महिन्यात गुलाबाई! आणि मग त्यातलाच खेळ, झाकलेल्या डब्यात खाऊ काय ओळखा. डबा हलवायचा, आवाज ऐकायचा. वीसेक मिनिटं तेच चाललं, शेंगदाण्याचे लाडू होते, कोणालाच ओळखता आले नाहीत. लाईट आली तेव्हा पोरी म्हणाल्या बंद करा.

नवीनच_आई
धागा आत्ता बघितला. माझ्या मुलीचा उद्या संध्याकाळी आहे तिसरा, मी पण जळगावातच, आज दुकानं फिरले तर गुलाबी नेट कुठेच नाही, पांढरं आहे ते मच्छरदाणीसारखं. कोणाकडे उरलंय का?

निंबोणी_जळगाव
@नवीनच_आई ये ना, माझ्याकडे पडद्याचा राहिलेला तुकडा आहे, दीड मीटर असेल. म्हटलं पंखच देते तयार, तर ही आतून ओरडली माझे पंख कोणाला द्यायचे नाहीत. दहावीतली. नेट घेऊन जा, हँगर पण देते दोन. सहानंतर ये, आत्ता ऊन आहे.