ॲरिझोनाचा इतिहास पाण्याच्या अंगाने मांडायचाय, कोणते टप्पे घ्यावेत?

गोदाकाठ: नाशिकला आमच्या वाचक मंडळात ॲरिझोनावर वीस मिनिटं बोलायचंय. 14 फेब्रुवारी 1912 ला ते 48वं राज्य झालं, हे सगळेच सांगतात. मला कोलोरॅडो नदीचं पाणीवाटप घ्यायचंय. कुठून सुरू करू? आणि एकर-फुटाचे टीएमसी कसे करायचे?

पाटकरी: आधी गणित. एक एकर-फूट म्हणजे 43,560 घनफूट आणि एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, म्हणून दहा लाख एकर-फूट = 43.56 टीएमसी. ॲरिझोनाचा वाटा वर्षाला 28 लाख एकर-फूट, म्हणजे सुमारे 122 टीएमसी. जायकवाडीचा पूर्ण साठा साधारण 102 टीएमसी आहे, तो शेजारी ठेवा, समोरच्यांना अंदाज लगेच येईल. मिलियनचं भाषांतर ‘लाख’ करू नका, सगळा हिशेब दहापटीने चुकतो.

सुरुवात 1922 च्या सात राज्यांच्या करारापासून करा. वरच्या आणि खालच्या खोऱ्याला प्रत्येकी 75 लाख एकर-फूट ठरलं, पण खालच्या खोऱ्यात कोणत्या राज्याला किती, हे करारात नव्हतंच. कॅलिफोर्निया आधी पाणी उचलून हक्क सांगेल, या धास्तीने ॲरिझोनाने थेट 1944 पर्यंत मान्यता दिली नाही. 1934 मध्ये तर गव्हर्नरांनी कॅलिफोर्नियाला पाणी देणाऱ्या पार्कर धरणाचं काम अडवायला नॅशनल गार्डचे (राज्याच्या राखीव सैन्यदलाचे) जवान नदीवर धाडले. हा प्रसंग सोडू नका.

खोरे_अभ्यासक: पाटकरींच्या पुढे 1963 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल घ्या: कॅलिफोर्निया 44 लाख, ॲरिझोना 28 लाख, नेवाडा 3 लाख. ॲरिझोनाच्या उपनद्यांचं पाणी यात धरलेलं नाही, हा मोठा विजय होता.

खरी मेख 1968 ची. फिनिक्स आणि टूसॉनकडे पाणी नेणाऱ्या 336 मैलांच्या कालव्याला मंजुरी हवी, तर तुटीच्या वर्षी आधी कालव्याचं पाणी तुटेल, कॅलिफोर्नियाचे 44 लाख शाबूत राहतील, ही अट ॲरिझोनाला मान्य करावी लागली. त्याचा फटका 2022 मध्ये बसला: 5,12,000 एकर-फूट, म्हणजे सुमारे 22 टीएमसी कपात, आणि झळ मुख्यतः पिनल काउंटीच्या शेतकऱ्यांना. मुळात 1922 चा अंदाजच ओल्या वर्षांच्या प्रवाहावर बेतलेला. नदीत नव्हतं तेवढं पाणी कागदावर वाटून झालं होतं.

विहीर_बागायत: 1980 चा भूजल कायदाही घ्या, आपल्याकडच्या द्राक्षबागायतदारांना तो जवळचा वाटेल. नियंत्रित पट्ट्यांत नवी जमीन ओलिताखाली आणायला बंदी, आणि फिनिक्समध्ये नवी वसाहत पाडायची तर 100 वर्षं पुरेल एवढं पाणी आधी दाखवावं लागतं.